दुधाच्या पिशवीपासून सुरुवात करा : घरातला सुका कचरा वाया कसा जाऊ देऊ नये

सकाळी दूध तापवायला घेताना आपण पिशवीचा कोपरा कापतो. तो नखाएवढा तुकडा ओट्यावरून घरंगळतो, केरात किंवा भाजीच्या सालींत जातो आणि मग कुणाच्याच हाती लागत नाही. एवढं बारीक प्लास्टिक कुणी वेचत बसत नाही. ते खतात मिसळतं, नाही तर नाल्यातून थेट ठाण्याच्या खाडीत.

म्हणून पहिलं काम अगदी सोपं. कोपरा कापून वेगळा करू नका. नुसती चीर द्या, तुकडा पिशवीलाच लोंबकळू दे. दूध ओतलं की पिशवीत घोटभर पाणी घालून खळखळवा, ते पाणी कुंडीत टाका. मग पिशवी वरून पूर्ण उघडी कापून वाळत घाला. आपल्या आया-आज्या दुधाच्या पिशव्या अशाच धुऊन, साठवून रद्दीवाल्याला द्यायच्या. ही सवय आपल्या घरात होतीच, फक्त मध्ये सुटली.

वाळवण्यावर मी इतका भर का देते, ते सांगते. मी नवी मुंबईत, ऐरोलीला राहते. आमच्या सोसायटीत सुका कचरा निवडणाऱ्या ताईंच्या शेजारी एकदा अर्धा तास उभी राहिले होते. त्यांनी एक गच्च भरलेली पिशवी उघडली. आत चांगली वर्तमानपत्रं होती, पुठ्ठे होते, शाम्पूच्या दोन बाटल्या होत्या. पण मधोमध कुणीतरी बाहेरून मागवलेल्या डाळीचा उरलेला डबा तसाच कोंबला होता आणि झाकण निघालं होतं. कागद भिजला होता, पुठ्ठ्याला तेल लागलं होतं. ताईंनी फक्त बाटल्या बाजूला काढल्या. ‘बाकीचं आता कोण घेणार? ओलं झालं ना,’ म्हणाल्या. ते सगळं पुढे तुर्भ्याच्या डम्पिंगच्या गाडीत गेलं. वस्तू चांगल्या होत्या, घरात वेगळ्याही ठेवल्या होत्या. वाया गेल्या त्या एका न धुतलेल्या डब्यामुळे.

तेव्हापासून माझं ठाम मत झालं आहे : पुनर्वापर होणार की नाही, हे कारखान्यात ठरत नाही, आपल्या ओट्यावर ठरतं.

दुसरं काम जागेचं. 2016 च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग करायला सांगितले होते, ते बहुतेकांना माहीत आहे. तरी घरात अडतं, कारण सुक्याचा डबा एका कोपऱ्यात असतो आणि वस्तू रिकाम्या होतात भलतीकडेच. टूथपेस्टचा खोका बाथरूममध्ये रिकामा होतो, पार्सलचा खोका दारात. म्हणून बाथरूमच्या दाराबाहेर एक कापडी पिशवी अडकवा. चपलांच्या कपाटावर छोटा कटर ठेवा. पार्सल तिथेच उघडा, चिकटपट्टी सोलून काढा, नाव-पत्त्याचं लेबल फाडा आणि खोका सपाट करूनच आत न्या. ड्राय बाल्कनीत मोठी गोणी ठेवली की रोजचं सगळं शेवटी तिथे जमा.

धुण्याबद्दल एक शंका हमखास येते : यात पाणी किती जाईल? वेगळं पाणी घ्यायचंच नाही. मोरबे धरणाचं चांगलं पाणी दह्याच्या डब्यावर ओतायची गरज नाही. तांदूळ किंवा भाजी धुतलेलं पाणी पुरतं. साबण लागत नाही, चकचकीत करायचं नाही, फक्त खरकटं निघालं पाहिजे. तेलाची पिशवी मात्र पाण्याने धुऊ नका, तेल सगळीकडे पसरतं. ती कापून उघडा, आतून पिठाचा हात फिरवा आणि ते पीठ पोळ्यांच्या कणकेत घाला. तेलाची बाटली रात्रभर उलटी ठेवली की पुरेशी निथळते.

आता रद्दीवाला काय घेतो आणि काय नाही. वर्तमानपत्रं, वह्या, पुठ्ठा, पाण्याच्या बाटल्या, शाम्पू-फिनेलचे जाड डबे, पत्रा आणि ॲल्युमिनियम यांना गिऱ्हाईक असतंच. बाटल्यांची टोपणं काढून एका बरणीत साठवा. टोपणाचं प्लास्टिक बाटलीपेक्षा वेगळं असतं आणि सुटं टोपण हमखास हरवतं. पिझ्झाचा खोका फाडून दोन करा : वरचं कोरं झाकण रद्दीत, तेलकट तळ खतात. दुकानाचं गुळगुळीत छापील बिल रद्दीत घालू नका, त्या कागदावर रसायनाचा थर असतो. चहाच्या कागदी कपाला आतून प्लास्टिकचं अस्तर असतं, तोही रद्दीत चालत नाही.

वेफर्सच्या पाकिटाची ओळख सोपी आहे. मुठीत चुरगळा आणि सोडा. ते पुन्हा फुलून उघडलं, तर ते चांदीसारखं दिसणारं, थरांचं प्लास्टिक. ॲल्युमिनियमची फॉइल चुरगळलेलीच राहते. थरांच्या प्लास्टिकला रद्दीवाला हात लावत नाही. तरी ते पुसून सुक्यातच टाका, ओल्यात कधीच नको, कारण एका पाकिटाने अख्ख्या खताची नासाडी होते. खरं तर मुलांसाठी पाच छोट्या पाकिटांऐवजी एक मोठं आणलं तरी बराच फरक पडतो.

घातक कचऱ्याला एक झाकणाचा डबा पुरतो : सेल, मुदत संपलेली औषधं, ब्लेड. ट्यूबलाइट आणि सीएफएलमध्ये पारा असतो, त्या फोडू नका, मूळ पुठ्ठ्यात घालून वेगळ्या द्या. मोबाइलची फुगलेली बॅटरी सुक्या कचऱ्यात गेली आणि गाडीत दाबली गेली तर पेट घेते. ती आणि जुने चार्जर, वायरी ई-कचऱ्याच्या अधिकृत संकलनातच द्या. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात घट्ट गुंडाळा आणि वर लाल खूण करा. फुटलेली काच वर्तमानपत्राच्या चार-पाच घड्यांत बांधून वर ठळक ‘काच’ लिहा आणि घंटागाडीवाल्या दादांच्या हातात सांगून द्या. निवडणाऱ्या ताईंच्या बोटांवरचे जुने व्रण मी जवळून पाहिले आहेत. हे एवढं तरी आपण त्यांच्यासाठी करायलाच हवं.

पावसाळ्यात वेळापत्रक बदला. जून ते सप्टेंबर आपल्याकडची हवा इतकी दमट असते की बाल्कनीतला पुठ्ठा आपोआप सादळतो. गोणी घरात घ्या, पाट किंवा स्टुलावर ठेवा आणि महिनाभर न साठवता पंधरा दिवसांनी देऊन टाका.

घरात कामाला मावशी येत असतील तर सगळं त्यांना एकदा शांतपणे दाखवा. केर त्याच काढतात. आपण निगुतीने वेगळं केलेलं एका सुपलीत एकत्र झालं तर दोष त्यांचा नाही, आपण सांगितलेलं नसतं. आमच्याकडे रद्दीचे पैसे मावशींचे, असं आम्ही ठरवलं आहे. पावसात दोरीवर पिशव्या वाळेनात, तेव्हा उपाय त्यांनीच काढला. धुतलेली ओली पिशवी त्या ओट्यामागच्या टाइल्सवर सपाट थापतात. ती पाण्यानेच चिकटून राहते आणि वाळली की स्वतःहून गळून खाली पडते.