पंप बदलायच्या आधी: वॉशिंग मशीनचं पाणी उतरत नसेल तर काय करावं

आषाढ लागला की आमच्या बेळगावातल्या शहापुरात कुणाची ना कुणाची हाक येतेच, “अक्का, मशीनचं पाणी उतरेना झालंय.” हाकेबरोबर निदानही तयार असतं: पंप गेला. शेजारी तेच म्हणतात, पुण्यातला भाचा फोनवरून तेच म्हणतो, आणि दुरुस्तीवाला तर चप्पल काढायच्या आधी कानडीत म्हणतो, “पंप होगेत्रि.” मी गेली बारा वर्षं ही मशिनं उघडते आहे. घरचं, नणंदेचं खानापूरचं, बहिणीचं निपाणीचं, शिवाय गल्लीतली. त्यात खरोखर जळालेले पंप हाताच्या बोटांवर मोजता येतील. बाकी सगळीकडे काहीतरी अडकलेलं होतं, आणि अडकलेलं काढायला नवा पंप लागत नाही.

पडद्यावरच्या अक्षरांनीही घाबरू नका. एलजीवर ‘ओई’, सॅमसंगवर ‘५ई’ किंवा ‘५सी’, बॉशवर ‘ई१८’ दिसलं तर त्याचा अर्थ एवढाच की ठरलेल्या वेळात पाणी बाहेर गेलं नाही. का गेलं नाही, हे मशीनला कळत नाही. ते तुम्हाला शोधायचं आहे.

तुमच्या मशीनला पंप आहे का?

हा प्रश्न कुणी विचारतच नाही, आणि म्हणून अर्धे सल्ले चुकीच्या मशीनला दिले जातात.

दोन टबांच्या सेमी-ऑटोमॅटिकला साधारणपणे पंप नसतो. बटण ‘ड्रेन’कडे फिरवलं की आतली एक पट्टी ओढली जाते, ती रबरी बूच उचलते आणि पाणी आपल्या वजनानं खाली जातं. त्यामुळे नळी जमिनीवरच हवी. मोरीच्या कठड्यावरून वीतभर जरी उचलून घेतली, तरी तेवढं पाणी टबातच राहणार. नळी खाली आहे आणि तरी पाणी हलत नाही, तर प्लग काढून मागचं झाकण उघडा. पट्टी निसटलेली किंवा तुटलेली असते, नाहीतर बुचाखाली दोऱ्यांचा गोळा बसलेला असतो. पंधरा मिनिटांचं काम.

वरून कपडे टाकायच्या पूर्ण ऑटोमॅटिकमध्ये दोन्ही प्रकार येतात. पुस्तिकेत नळी जमिनीवर ठेवायला सांगितलं असेल, तर ते बिनपंपाचं समजा. तिथे एक छोटी मोटर झडप ओढते. पाणी सोडायच्या वेळी खालून ‘खट्’ असा आवाज येऊन पाणी येत नसेल तर झडपेत कचरा आहे, आवाजच नसेल तर मोटर किंवा तिची वायर बघायला लागेल.

समोरून दार असलेल्या फ्रंट लोडला मात्र पंप असतोच, आणि तिथे नळीचं गणित उलटं. तिचं टोक जमिनीपासून साधारण ६० ते १०० सेंटिमीटर, म्हणजे दोन ते सव्वातीन फूट उंच हवं. ती जमिनीवर टाकली तर भरतानाच पाणी वाहून जातं आणि मशीन भरतच राहतं. म्हणून “नळी खाली टाका, सगळं सुरळीत होतं” असं सरसकट सांगणाऱ्याचं ऐकू नका. पुढचं सगळं फ्रंट लोडबद्दल आहे.

कान लावा

स्पिन किंवा ड्रेनचा प्रोग्रॅम लावा आणि मशीनच्या खालच्या कोपऱ्याजवळ बसून ऐका. आवाज तीन तऱ्हांचे येतात.

मोकळी, जोरकस घरघर येते पण पाणी जात नाही: पंप ठीक आहे, वाट बंद आहे. नळी मशीनमागे भिंतीला दबून मुडपलेली असेल, किंवा गटाराच्या पाइपात हातभर खोल कोंबलेली असेल. आमच्याकडे मुसळधार पावसात गल्लीतलं गटार तुंबलं की मोरीचा पाइपच तोंडापर्यंत भरतो, मग पाणी जाणार कुठे? नळी पाइपातून काढून तिचं टोक बादलीवर त्याच उंचीला धरा आणि पुन्हा चालवा. पाणी धो धो आलं तर मशीनला हातही लावू नका, मोरीचा पाइप साफ करा.

नुसती गुणगुण येते, फिरल्याचा आवाज नाही: पंपाला वीज मिळते आहे, पण त्याचा पंखा अडला आहे. सर्वांत जास्त वेळा हेच असतं.

काहीच आवाज नाही: पंपापर्यंत वीज पोचत नाही, किंवा पंप खरंच गेला आहे.

फेसाचंही बघून घ्या. बोअरच्या जड पाण्याला दोन चमचे पावडर लागते म्हणून तीच सवय नळाच्या पाण्यालाही लावली जाते. आमच्या नळाला येणारं राकसकोप जलाशयाचं पाणी त्या मानानं मऊ. दोन चमच्यांत दारापर्यंत फेस चढतो आणि पंप पाण्याऐवजी फेस घुसळत बसतो. दारात फेसच फेस दिसत असेल तर मशीन बंद करून तासभर थांबा, मग पुन्हा ड्रेन लावा.

आतलं पाणी काढणं

प्लग काढा. गरम पाण्याचा प्रोग्रॅम असेल तर निवू द्या. दार ओढू नका.

आता मागची नळी तिच्या खाचेतून सोडवून टोक जमिनीवर, एका पसरट भांड्यात टाका. पाणी आपोआप वाहू लागलं तर मशीनपासून नळीच्या टोकापर्यंतची वाट बऱ्यापैकी मोकळी आहे, दोष पंपात किंवा त्याच्या पंख्यात शोधायचा. थेंबही येत नसेल तर वाटेतच बोळा आहे. एवढ्या एका कृतीनं निम्मं निदान होतं आणि बरंचसं पाणीही निघून जातं, तरी ती कुणी सांगत नाही.

उरलेलं पाणी पुढून. खाली, बहुतेक उजव्या कोपऱ्यात, एक छोटी झडप असते. ती नाण्यानं किंवा चपट्या पान्यानं उघडते. आत फिल्टरचं गोल झाकण आणि बऱ्याच मशिनांत शेजारी बूच लावलेली बारीक नळी असते. बूच काढून पाणी परातीत घ्या. इथे बादली बसत नाही, जागा दोन-तीन बोटं उंच असते. परात भरली की बूच लावायचं, ओतायचं, पुन्हा काढायचं. पंधरा-वीस लिटर पाणी असतं. घाई करून फिल्टर एकदम उघडलात तर ते सगळं स्वयंपाकघरात.

फिल्टर, आणि त्याच्या मागचा पंखा

फिल्टर साफ करायला सगळेच सांगतात. डावीकडे हळूहळू फिरवा, उरलेलं पाणी निथळू द्या, बाहेर ओढा. काय निघेल ते घरावर अवलंबून असतं. उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला जाणाऱ्यांच्या घरी तळाशी काळ्या वाळूचा थर, वडगावात मागांच्या घरांत दोऱ्यांचा गुंता, खानापूरला नणंदेकडे भातलावणीच्या दिवसांत लाल चिखल. रुपयाचं नाणं, टिकली, मंगळसूत्राचा काळा मणी हे तर सगळीकडेच. ब्रशनं धुतलं की झालं.

फिल्टर फिरतच नसेल तर पक्कड लावून जोर करू नका. बहुतेक वेळा एखादी पिन किंवा तार फिल्टर आणि पंखा यांच्यामध्ये आडवी अडकलेली असते, आणि जोर केला की मूठ तुटून हातात येते. आधी किंचित उजवीकडे, मग डावीकडे, मग थोडं आत दाबून, असं मागेपुढे करत राहा. वेळ लागला तरी चालेल. सुटतो.

खरी अडचण यानंतर सुरू होते, आणि इथे मी स्वतः फसले. आमचं पहिलं मशीन असंच गुणगुणत थांबलं. फिल्टर काढला, स्वच्छ केला, लावला. तरीही गुणगुणच. एका रात्रीत तीनदा काढला. तो लखलखीत होता आणि पाणी जागचं हलत नव्हतं. सकाळी दुरुस्तीवाला आला, त्यानं न उघडताच पंप बदलायला सांगितला आणि मी बदलला. जुना पंप मात्र मी टाकला नाही. वर्षभरानं तो उन्हात धरून नीट पाहिला, तर पंख्याच्या पात्यामागे ब्लाउजचा एक हूक होता. चिमट्यानं ओढला आणि पंखा मोकळा झाला. नणंदेचं मशीन त्याच मॉडेलचं. तिचा पंप पुढे गेला तेव्हा हाच तिथे बसवला, आणि तो आजही चालतो आहे. एका हुकासाठी मी नव्या पंपाचे पैसे मोजले. तुम्ही मोजू नका.

फिल्टरची जाळी मोठ्या वस्तू अडवते. हूक, केसांची पिन, अंतर्वस्त्रातली तार, तांदळाएवढा खडा या वस्तू तिच्या फटींतून पलीकडे जातात. त्या जिथे जाऊन रुततात ती जागा फिल्टरच्या भोकात समोरून पाहिल्यावर दिसत नाही. म्हणून आडवे झोपा, मोबाइलची बॅटरी तिरकी धरा आणि भोकाच्या आतल्या बाजूला, म्हणजे पंख्याच्या पात्यांकडे पाहा. मग बोट घाला. प्लग काढला आहे ना, हे त्याआधी पुन्हा एकदा डोळ्यांनी बघा. पाती आणि भिंत यांच्यातल्या फटीवरून बोट सगळीकडे फिरवा. टोचलं तर सापडलं.

बोट पोचत नसेल तर पेन्सिलीनं पंखा फिरवा, आणि इथे लोक सर्वांत जास्त चुकतात. हा पंखा छताच्या पंख्यासारखा मोकळा फिरणार नाही. आत चुंबक असतं, त्यामुळे तो झटके देत, अडखळत फिरतो. शिवाय अर्ध्या फेरीच्या आसपास तो सैल वाटतो आणि मग घट्ट लागतो. हे दोन्ही बरोबर आहे. हे झटके लागले की “जाम झालाय” म्हणून चांगले पंप फेकले जातात. जाम म्हणजे कोणत्याही बाजूला पुढे जातच नाही, किंवा फेरीत ठराविक एकाच जागी येऊन ठप्प होतो. त्यासाठी एक फेरी फिरवून थांबू नका, दहा फेऱ्या फिरवा. हूक दोन पात्यांच्या मधल्या जागेत गेलेला असेल तर एक-दोन फेऱ्या सुरळीत जातात आणि तिसऱ्याला तो पुन्हा अडतो. माझ्या पहिल्या मशीनमध्ये नेमकं हेच झालं असणार.

अजून एक तपासा: पंखा धरून पुढेमागे, वरखाली हलवा. थोडा हलणं चालतं. डुगडुगत असेल, किंवा पातं तुटलेलं असेल, तर तो पंप खरंच बदलायचा.

केस आणि दोरे पात्यांमागे दांड्याला गुंडाळतात आणि फेल्टसारखे घट्ट बसतात. ओढून निघत नाहीत. क्रोशाची सुई घ्या. तिचा आकडा दोऱ्याखाली घालून एकेक पदर बाहेर ओढायचा. चाकू किंवा ब्लेड आत घालू नका, रबर कापलं गेलं की पाणी गळायला लागतं.

एवढं करूनही वाटेतच पाणी थांबलेलं असेल, तर ड्रम आणि पंप यांना जोडणाऱ्या जाड रबरी नळीत लहान मोजा अडकला असेल. लहान बाळाच्या घरी हे हमखास. त्यासाठी मशीन कुशीवर झोपवून किंवा मागचं झाकण काढून क्लिप सोडवावी लागते. ओझं मोठं असतं, आणि आधीचं सगळं पाणी निघालेलं हवं. एकट्यानं करू नका.

परत लावताना

फिल्टरच्या रबरी कड्यावरची वाळू पुसा. मग झाकण थेट आवळू नका. आधी उलट्या बाजूला, डावीकडे, हलकं फिरवा. आटे एकमेकांत बसल्याचा ‘टक्’ असा आवाज लागतो. त्यानंतर उजवीकडे आवळा. असं न करता तिरपं आवळलं तर आटे खराब होतात आणि पुढच्या धुण्याला थेंब थेंब पाणी गळतं. बारक्या नळीचं बूच लावायला विसरू नका. झाकणाखाली कोरडा पेपर अंथरा, ड्रममध्ये दोन तांबे पाणी ओता, मागची नळी परत तिच्या उंचीवर लावा आणि फक्त ड्रेन चालवा. पेपर कोरडा राहिला तरच कपडे घाला.

आणि काहीच आवाज नसेल तर? मल्टिमीटर असेल आणि वापरता येत असेल तर प्लग काढून पंपाच्या दोन टोकांना लावा. घरगुती मशीनच्या पंपात साधारण १०० ते २०० ओहम दिसायला हवेत. आकडा अनंत आला तर आतली तार तुटली आहे, पंप गेला. आकडा ठीक असेल तर दोष वायरीत किंवा सर्किटमध्ये आहे, तिथे मी हात घालत नाही आणि तुम्हीही घालू नका. ओल्या फरशीवर, पावसाळ्यात, वीज चालू ठेवून काहीही तपासायचं नाही. आर्थिंग नसलेल्या जुन्या घरात तर अजिबात नाही.

पंप आणायचाच झाला तर जुना हातात घेऊन दुकानात जा. दिसायला सारखे असले तरी तोंडाची दिशा, स्क्रूच्या जागा आणि वायरचा जोड वेगळा असतो. आणि दुरुस्तीवाल्यानं बदलला तर जुना मागून घ्या, उजेडात पात्यामागे बघा.