छोट्या कॅबिनेटसाठी एसएमपीएस आणि कूलर कसे निवडावेत

मोठ्या टॉवर कॅबिनेटमध्ये संगणक जोडताना एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) आणि कूलर (प्रोसेसर गार ठेवणारा भाग) यांची खरेदी शेवटी केली तरी फारसे बिघडत नाही, कारण आत जागा ऐसपैस असते आणि दोन-चार सेंटिमीटरची चूक सहज पोटात घेतली जाते. छोट्या कॅबिनेटमध्ये हा क्रम उलटा करावा लागतो. तिथे या दोन वस्तू आधी ठरवाव्या लागतात आणि त्या काय पेलू शकतील यावरून प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड निवडावे लागते. हे मी ठेच लागल्यावर शिकलो. काही वर्षांपूर्वी पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून हौसेने आणलेला एसएफएक्स-एल या छोट्या मापाचा एसएमपीएस कॅबिनेटमध्ये व्यवस्थित बसला, चारही स्क्रू लागले आणि मग लक्षात आले की त्याच्या केबलींचे प्लग थेट ग्राफिक्स कार्डच्या कडेला टेकत आहेत. दुकानदाराचा त्यात काहीच दोष नव्हता. मी त्याला फक्त वॅट सांगितले होते, लांबी सांगितलीच नव्हती.

कॅबिनेटची मापे कागदावर घ्यावीत

छोट्या संगणकांत बहुधा मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड वापरतात. व्हिया कंपनीने २००१ साली पुढे आणलेले हे माप १७० गुणिले १७० मि.मी. आहे, म्हणजे साधारण नाश्त्याच्या बशीएवढे. बोर्डाचे माप ठरलेले असले तरी त्याभोवतीचा डबा किती आटोपशीर करायचा हे प्रत्येक कंपनी आपापल्या परीने ठरवते. म्हणून कॅबिनेटच्या माहितीपत्रकातून एसएमपीएसचा प्रकार व कमाल लांबी, कूलरची कमाल उंची, ग्राफिक्स कार्डची लांबी व जाडी आणि पंखे लावण्याच्या जागा एवढे टिपून घ्यावे.

जाहिरातीत ठळक छापलेल्या, कॅबिनेटच्या आकारमानाच्या लिटरमधल्या आकड्यावर विसंबू नये. कूलर मास्टरचे एनआर२०० हे कॅबिनेट सुमारे १८ लिटरचे असून त्यात दीडशे मि.मी.हून थोडा उंच टॉवर कूलर मावतो. लिआन लीचे ए४-एच२ओ ११ लिटरचे आहे आणि त्यात हवेच्या कूलरला जेमतेम ५५ मि.मी. उंची मिळते, कारण मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्ड पाठीला पाठ लावून उभे केलेले असतात. सात लिटर वाचवताना कूलरची उंची जवळपास एक तृतीयांशावर येते. पहिल्यांदाच जोडणी करणाऱ्याने, माझ्या मते, चौदा ते अठरा लिटरच्या दरम्यानचे कॅबिनेट घ्यावे. दहा लिटरच्या आतले डबे टेबलावर देखणे दिसतात, पण त्यांत प्रत्येक केबलसाठी भांडावे लागते.

एसएमपीएस: आधी माप

नेहमीच्या एटीएक्स एसएमपीएसची रुंदी १५० मि.मी., उंची ८६ मि.मी. आणि लांबी १४० मि.मी. किंवा त्याहून अधिक असते. एसएफएक्स प्रकार १२५ मि.मी. रुंद, ६३.५ मि.मी. उंच आणि १०० मि.मी. लांब असतो. एसएफएक्स-एलची रुंदी-उंची तीच राहते, फक्त लांबी १३० मि.मी. होते. या ३० मि.मी.च्या बदल्यात १२० मि.मी. व्यासाचा पंखा मिळतो आणि तो एसएफएक्समधल्या ९२ मि.मी.च्या पंख्यापेक्षा संथ फिरूनही तेवढीच हवा खेचतो, म्हणून जागा असेल तर एसएफएक्स-एल शांत ठरतो. याहून सडपातळ असा फ्लेक्स एटीएक्स प्रकारही मिळतो. परंतु त्यातला ४० मि.मी.चा पंखा भार वाढला की डास कानाशी यावा तसा किणकिणतो. ज्याला रात्री त्याच खोलीत झोपायचे आहे त्याने तो घेऊ नये.

कागदावरच्या मापांत एक गोष्ट कधीच नसते: प्लगची आणि केबलच्या वळणाची जागा. त्यासाठी मी आता बुटाच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचा १२५ × १०० × ६३.५ मि.मी.चा ठोकळा करतो, प्लग येणार त्या बाजूला ३० मि.मी. रुंदीची पुठ्ठ्याची जीभ चिकटवतो आणि तो रिकाम्या कॅबिनेटमध्ये ठेवून पाहतो. जीभ दुमडली, तर तो एसएमपीएस त्या कॅबिनेटचा नव्हे. काम पोरखेळासारखे दिसते खरे, पण दहा मिनिटांत तपकीर गल्लीची एक फेरी वाचते, आणि तिथे गाडी लावायला जागा शोधली असेल त्याला या बचतीचे मोल वेगळे सांगायला नको.

मग वॅट

प्रोसेसरच्या खोक्यावरचा टीडीपी (कूलर निवडण्यासाठी दिलेला उष्णतेचा ढोबळ अंदाज) हा आकडा म्हणजे तो प्रत्यक्षात ओढत असलेली वीज नव्हे. एएमडीच्या रायझेन ५ ७६०० चा टीडीपी ६५ वॅट असला तरी त्याला ८८ वॅटपर्यंत वीज घेण्याची मुभा असते. इंटेलच्या कोअर आय५-१३४०० वरही ६५ वॅटच लिहिलेले असते, पण टर्बोत, म्हणजे वेग वाढवून चालताना, त्याची कमाल मर्यादा १४८ वॅट आहे. हिशेब नेहमी या वरच्या आकड्याने करावा.

उदाहरणार्थ, रायझेन ५ ७६०० चे ८८ वॅट, आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्डचे ११५ वॅट आणि मदरबोर्ड, रॅम, एसएसडी व पंखे यांचे मिळून ६० वॅट धरले, तर बेरीज २६३ वॅट होते. यासाठी चांगल्या प्रतीचा ४५० वॅटचा एसएमपीएस पुरून उरतो. कार्ड आरटीएक्स ४०७० असेल, तर त्याचे २०० वॅट धरून बेरीज ३४८ वर जाते आणि ६५० वॅट घेणे शहाणपणाचे ठरते. एवढी जास्तीची क्षमता ठेवायची ती दोन कारणांसाठी: भार निम्म्याच्या आसपास असताना एसएमपीएस सर्वांत काटकसरीने चालतो, आणि ग्राफिक्स कार्ड क्षणार्धासाठी आपल्या नेमून दिलेल्या वॅटच्या कितीतरी वर उसळी मारते. २०२२ साली आलेल्या एटीएक्स ३.० मानकात या उसळ्यांचा विचार केलेला आहे, म्हणून मोठे कार्ड घेणाऱ्याने खोक्यावर एटीएक्स ३.० किंवा ३.१ लिहिले आहे का ते पाहावे. साध्या आठ-पिनी जोडणीतून १५० वॅट आणि मदरबोर्डच्या खाचेतून ७५ वॅट मिळतात. नव्या सोळा-पिनी जोडणीची क्षमता ६०० वॅटपर्यंत आहे, पण ती केबल प्लगच्या तोंडाशीच मुरडली तर संपर्क सैल होऊन प्लग वितळण्याचा धोका असतो. छोट्या कॅबिनेटमध्ये बाजूचा पत्रा नेमका तिथेच दाबतो. प्लग पूर्ण आत गेल्याची खात्री करून पुढचे तीन-साडेतीन सेंटिमीटर केबल सरळ राहील एवढी जागा ठेवावी.

८० प्लस या कार्यक्षमतेच्या बिल्ल्याकडे लोक वीजबिलासाठी पाहतात; छोट्या कॅबिनेटमध्ये तो उष्णतेसाठी पाहावा. आतल्या भागांना ३०० वॅट हवे असताना ८५ टक्के कार्यक्षमतेचा एसएमपीएस भिंतीतून सुमारे ३५३ वॅट घेतो आणि ९० टक्क्यांचा सुमारे ३३३. म्हणजे पहिला स्वतःच ५३ वॅटची उष्णता करतो आणि दुसरा ३३ वॅटची. वीस वॅटचा हा फरक मोठ्या टॉवरमध्ये जाणवणार नाही, पण पंधरा लिटरच्या बंद डब्यात तो कूलरच्या बोकांडी बसतो. त्यामुळे या बिल्ल्याच्या गोल्ड पायरीच्या खाली जाऊ नये, असे माझे मत आहे. त्यावरच्या प्लॅटिनमसाठी ओढाताण करण्याची मात्र गरज नाही.

घरातल्या विजेचाही विचार इथेच करावा. अचानक वीज गेल्यावर एसएमपीएस स्वतःच्या साठ्यावर सोळा-सतरा मिलिसेकंदच तग धरतो. तेवढ्यात इन्व्हर्टरने भार उचलला नाही, तर संगणक बंद पडतो. ६०० व्हीएच्या नेहमीच्या यूपीएसमधून बहुधा ३६० वॅटच मिळतात, तेव्हा व्हीएचा आकडा पाहून फसू नये. काही एसएमपीएस स्वस्त यूपीएसच्या पायऱ्यापायऱ्यांच्या लहरीवर कुरकुरतात किंवा बंद होतात. शुद्ध साइन लहरीचा यूपीएस महाग पडतो, पण ही कटकट संपवतो. पेठांतल्या जुन्या इमारतीत राहत असाल, तर वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे. पत्र्याच्या कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येत असतील, तर नवा एसएमपीएस आणून काहीही साधणार नाही.

एक ताकीद मात्र निक्षून द्यायची आहे. एका एसएमपीएसच्या मॉड्युलर (काढता-घालता येणाऱ्या) केबली दुसऱ्या एसएमपीएसला कधीही लावू नयेत. प्लग बसतो, पण पिनांचा क्रम वेगळा असू शकतो आणि पहिल्याच बटणाला एसएसडी जळते.

कूलर: उंची, रॅम आणि एप्रिल महिना

कॅबिनेटची दिलेली उंची आणि कूलरची उंची बरोबरीला आली म्हणजे काम झाले, असे समजू नये. बाजूच्या पत्र्याकडे तोंड करून बसणारा पंखा पत्र्याला अगदी खेटून असला, तर जाळीतून हवा ओढताना घोंघावतो. आठ-दहा मि.मी.चे अंतर असेल तर आवाज उतरतो. अंतर त्याहून बरेच जास्त असेल, तर पंखा बाहेरची गार हवा न घेता डब्यातलीच तापलेली हवा पुन्हा फिरवू लागतो. अशा वेळी पंख्याच्या चौकटीभोवती जाळीपर्यंत पोहोचणारी फोमची पट्टी चिकटवली, तर काही अंश सहज कमी होतात. पाच-दहा रुपयांच्या फोमने जे होते ते अनेकदा महागड्या कूलरने होत नाही.

उंचीच्या हिशेबाने कूलरचे ढोबळ गट पडतात. नॉक्टुआचा एनएच-एल९ हा ३७ मि.मी. उंच कूलर जवळजवळ कुठेही बसतो आणि रॅमच्या आड येत नाही, मात्र त्याच्याकडून ६५ वॅट टीडीपीच्या प्रोसेसरपलीकडे अपेक्षा ठेवू नये. थर्मलराइटचा एएक्सपी९०-एक्स४७ हा ४७ मि.मी.चा असून थोड्याच जास्त उंचीत अधिक काम करतो. नॉक्टुआचा एनएच-एल१२एस ७० मि.मी. उंच आहे, त्याला १२० मि.मी.चा पंखा असल्यामुळे तो संथ आणि शांत चालतो. रायझेन ५ ७६०० सोबत खोक्यात मिळणारा रेथ स्टेल्थ ५४ मि.मी.चा आहे, तो टाकाऊ नाही, पण बंदिस्त डब्यात उन्हाळ्यात आवाज करतो. कॅबिनेट १३० मि.मी.हून उंच कूलर घेत असेल, तर वर सांगितलेले सगळे सोडून सरळ छोटा टॉवर कूलर घ्यावा.

आडव्या कूलरखाली रॅम येते का, हे फोटो पाहून कळत नाही. दिव्यांची रोषणाई असलेली रॅम ४४ मि.मी. किंवा त्याहूनही उंच असू शकते, साधी रॅम ३१ ते ३५ मि.मी.च्या आसपास. छोट्या कॅबिनेटमध्ये रोषणाईचा मोह टाळावा. सॉकेटचीही (प्रोसेसर बसतो त्या खाचेची) खात्री करावी: इंटेलच्या एलजीए १७०० साठी छिद्रांमधले अंतर ७५ वरून ७८ मि.मी. झाले, त्यामुळे जुना कूलर वेगळ्या पट्टीशिवाय बसत नाही. एएमडीच्या एएम५ मध्ये मदरबोर्डच्या मागची पट्टी काढता येत नसल्याने स्वतःची पट्टी मागणारे कूलर निकामी ठरतात.

लिक्विड कूलरचा, म्हणजे नळ्यांतून द्रव फिरवून गार करणाऱ्या कूलरचा, आग्रह अनेक जण धरतात. रेडिएटरची जाडी सहसा २७ मि.मी. आणि पंख्याची २५ मि.मी., म्हणजे एकूण ५२ मि.मी. जागा लागते, शिवाय पंप हा सगळ्या नळ्या-रेडिएटरमधला सर्वांत उंच बिंदू होता कामा नये, नाहीतर त्यात हवा अडकून तो खरखरतो. ए४-एच२ओ सारख्या कॅबिनेटची आखणीच लिक्विड कूलरसाठी केलेली असल्याने तिथे तो योग्य आहे. बाकी ठिकाणी हवेचा कूलरच बरा, कारण त्यात बिघडण्यासारखा फक्त पंखा असतो आणि तो बदलता येतो.

परदेशी चाचण्यांतले आकडे वाचताना खोलीचे तापमान पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. त्या चाचण्या बहुधा वीस-बावीस अंशांच्या खोलीत होतात. पुण्यात एप्रिलच्या दुपारी बाहेर ३८-४० अंश असताना पश्चिमेच्या भिंतीची खोली ३३-३४ अंशांवर जाते, आणि खोली जितकी तापते साधारण तितकाच प्रोसेसरही तापतो. म्हणून चाचणीत ७८ अंश दाखवणारा कूलर इथे ९० च्या घरात जाईल असे धरून चालावे. रायझेन ७००० मालिकेतल्या बहुतेक प्रोसेसरांची मर्यादा ९५ अंश आहे, तेव्हा काही जळणार नाही, पण पंखा सतत ओरडत राहील. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन प्रोसेसरच्या विजेची मर्यादा थोडी खाली आणणे हा यावरचा बिनखर्चाचा उपाय आहे. त्याने कामाचा वेग किंचित घटतो आणि तापमान बरेच उतरते.

बसवणे आणि तपासणे

मदरबोर्ड कॅबिनेटमध्ये ठेवण्यापूर्वीच त्यावर प्रोसेसर, रॅम आणि कूलर बसवून घ्यावेत. आत हात शिरत नाही. प्रोसेसरला वीज देणारी केबलही त्याच वेळी लावावी, नंतर तो प्लग कूलरखाली लपतो. थर्मल पेस्ट वाटाण्याएवढी पुरते. एसएमपीएसचा पंखा नेहमी जाळीच्या बाजूला ठेवावा.

सगळे पत्रे लावून, दुपारी तीनच्या सुमारास, प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्हींवर एकदम अर्धा तास भार टाकून तापमान पाहावे. पत्रा उघडा ठेवून घेतलेल्या आकड्यांना अर्थ नाही. तारीख, खोलीचे तापमान आणि प्रोसेसरचे तापमान मी चिकटपट्टीवर लिहून पत्र्याच्या आतल्या बाजूला लावून ठेवतो. शेजारी बांधकाम चालू असेल तर जाळीवर महिन्याभरात धुळीचा थर बसतो, आणि पुढच्या उन्हाळ्यात तेवढ्याच गरम खोलीत आकडा आठ-दहा अंशांनी वर गेलेला दिसला, तर नवा कूलर शोधण्याआधी ती जाळी धुऊन, वाळवून पुन्हा लावावी.