अर्ज ‘प्रलंबित’च दिसतो, कारण कोणी लिहून देत नाही: माझा अनुभव

मुलीच्या प्रवेशासाठी अधिवास प्रमाणपत्राचा अर्ज ‘आपले सरकार’ या सरकारी पोर्टलवर केला होता. मुदत उलटली तरी स्थिती ‘प्रलंबित’च. खिडकीवर तोंडी उत्तर: ‘कागद कमी आहेत.’ कोणते, ते कोणी सांगेना. पुन्हा चकरा मारल्या, ओळखीच्याकडून फोन करवला, एजंटालाही विचारलं, उपयोग शून्य. प्रवेशाची तारीख जवळ येत होती, जीव नुसता टांगणीला लागला होता.

काम झालं ते महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 मुळे, म्हणजे ठरलेल्या मुदतीत सरकारी सेवा मिळण्याचा हक्क देणाऱ्या कायद्यामुळे. आधी कार्यालयातल्या फलकावरून तीन गोष्टी उतरवून घेतल्या: सेवेची मुदत, पदनिर्देशित अधिकारी (सेवा देण्याची जबाबदारी ज्याची तो) आणि प्रथम अपील अधिकारी यांचं पदनाम. मग पोर्टलवरच्या स्थितीची प्रिंट काढली, अर्ज क्रमांक आणि तारीख स्पष्ट दिसेल अशी. त्यानंतर कलम 9 खाली प्रथम अपील. त्यात गाऱ्हाणं नको. अर्ज क्रमांक, मुदत संपल्याची तारीख आणि ‘नकाराचं लेखी कारण मिळालेलं नाही’ हे वाक्य हवंच, कारण सेवा नाकारायची तर कारण लेखी द्यावं लागतं. मुदत संपल्यापासून 30 दिवसांच्या आत अपील करा. हाती देत असाल तर आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय हलू नका.

सुनावणीआधीच कमी असलेल्या कागदाचं नाव लेखी आलं: रहिवासाचा जुना पुरावा. तो दिला, प्रमाणपत्र मिळालं.

तिथेही अडलंच तर द्वितीय अपील आहे, त्यापुढे लोकसेवा हक्क आयोग. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये शास्ती (दंड) होऊ शकते.