अस्वस्थ काळात ऐकण्याजोगी चर्चा कशी शोधावी?

८ मे २०२५ च्या रात्री देशातल्या अनेक वृत्तवाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचं ठासून सांगितलं. तसं काही झालंच नव्हतं. असे प्रसंग पुन्हा येतील, म्हणून काय ऐकायचं ते आधीच ठरवून ठेवलेलं बरं.

पहिल्यांदा बातम्यांची वेळ बांधून घ्या. आकाशवाणी पुण्याच्या सकाळी ७ वाजून १० मिनिटांच्या बातम्या पुष्कळ घरांत वर्षानुवर्षं लागतात. रेडिओ नसेल तर ‘न्यूज ऑन एआयआर’ हे अ‍ॅप घ्या. थोडक्यात बातम्या कळतात, आरडाओरडा नसतो. मात्र हे सरकारी माध्यम आहे, त्यामुळे सरकारची बाजू आधी कानावर पडते, हे विसरू नका.

म्हणूनच त्याला सविस्तर चर्चेची जोड हवी. यूट्यूबवर ‘थिंक बँक’च्या लांब मुलाखती आहेत. बीबीसी मराठीचा ‘गोष्ट दुनियेची’ हा पॉडकास्ट आहे. इंग्रजी चालत असेल तर बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसचा ‘द इन्क्वायरी’ ऐका. त्यात एकच प्रश्न घेऊन वेगवेगळ्या जाणकारांना बोलतं केलं जातं. घटना घडल्याबरोबर नको, दोन-तीन दिवसांनी झालेली चर्चा निवडा. तोवर माहितीही थोडी पक्की झालेली असते.

नवं चॅनल सापडलं तर सुरुवातीची दहा मिनिटं कान देऊन ऐका. पाहुण्याने त्या विषयात खरोखर काम केलंय का? मुलाखतकार त्याला वाक्य पुरं करू देतो का? ‘हे अजून स्पष्ट नाही’ असं कुणी म्हणतं का? माझ्या मते ही शेवटची कसोटी सगळ्यात महत्त्वाची. सहा चौकटींत सहा जण एकदम बोलत असतील तर सरळ पुढे जा.

व्हॉट्सअ‍ॅपवर अर्ध्या मिनिटाची क्लिप आली आणि डोकं तापलं, तर वक्त्याचं नाव टाकून मूळ व्हिडिओ शोधा. क्लिपच्या आधीची आणि नंतरची पाच-पाच मिनिटं ऐका, मगच ती पुढे पाठवायची का ते ठरवा. यूट्यूबचं ऑटोप्ले बंद ठेवा, नाहीतर एका चांगल्या मुलाखतीमागून भलतंच काहीतरी सुरू होतं.

घरातल्या वडीलधाऱ्यांना ‘टीव्ही बंद करा’ म्हणू नका. एखादा भाग त्यांच्यासोबत बसून ऐका आणि त्यातलं काय पटलं नाही, ते त्यांना विचारा.