स्पॅनिश गोष्ट वाचायची तर आधी तिची जमीन वाचा

मी सोलापुरात बावीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. आमच्या वाचनगटात नवीन कुणी आलं की हमखास विचारतं, मेक्सिको, कोलंबिया, चिली, स्पेन इथलं साहित्य वाचायचंय, सुरुवात कुठून करू? मी सांगते, जमिनीपासून. आपल्या जिल्ह्यातल्या माणसाची त्यातली निम्मी तयारी जन्मापासूनच झालेली असते.

जाड कादंबरी आधी हातात घेऊ नका. हुआन रुल्फो या मेक्सिकन लेखकाचा 1953 सालचा कथासंग्रह घ्या, 'एल यानो एन यामास'. 'यानो' म्हणजे माळ. नावाचा अर्थ 'पेटलेला माळ'. इंग्रजी अनुवाद सहज मिळतो, मीही त्यातूनच वाचते. त्यातली 'आम्हाला जमीन दिली' अशा अर्थाच्या नावाची गोष्ट पहिल्यांदा वाचा. आठ-दहा पानांची आहे.

वाचताना वही जवळ ठेवा. जमिनीसाठी, पाण्यासाठी, झाडासाठी आलेला प्रत्येक शब्द डाव्या बाजूला लिहा आणि उजवीकडे आपल्याकडचा शब्द लिहा. 'निकृष्ट जमीन' असं पुस्तकी लिहू नका. काळी, चिकण, मुरमाड, चुनखडीची, बरड, यातलं नेमकं काय, ते ठरवा. ठरत नसेल तर शेती करणाऱ्या माणसाला विचारा. मी विचारलं, म्हणून ही गोष्ट मला कळली.

माझ्या धाकट्या भावाचं रान सांगोल्याकडं आहे, कालव्याच्या वरच्या अंगाला. कालवा दिसतो, पाणी चढत नाही. एका मे महिन्यात डाळिंबाच्या बांधावर बसून मी त्याला ती गोष्ट मराठीत सांगत गेले. मेक्सिकोतल्या क्रांतीनंतर सरकारनं वाटलेल्या जमिनीवरून माणसं पहाटेपासून चालतायत. वीस-पंचवीस होती, आता चारच उरलीत. दुपारी चारच्या सुमाराला एक ढग येतो. एक थेंब पडतो, टपोरा. मातीत भोक पडतं आणि थुंकी पडावी तसा चिखलाचा ठिपका राहतो. सगळे वर बघत दुसऱ्या थेंबाची वाट बघतात. येत नाही. वारा ढगाला हाकलून नेतो.

भाऊ मान हलवत होता. पुढं मी सांगितलं, जमीन इतकी टणक की नांगर शिरायचा नाही, कुदळीनं भोकं पाडून बी टाकावं लागेल आणि तरी उगवायचं नाही. तो म्हणाला, "आक्का, मग नदीकडची रानं कुणाला दिली गं?"

गोष्टीतली माणसं अधिकाऱ्याला हेच म्हणतात, आम्हाला नदीकाठची जमीन पाहिजे. तो सांगतो, तक्रार लेखी द्या. आणि बोलायचं तर मोठ्या जमीनदारांना बोला, जमीन देणाऱ्या सरकारला नाही. मी ती गोष्ट तोवर तीनदा वाचली होती आणि दुष्काळाची गोष्ट म्हणून वाचली होती. ती वाटपाची गोष्ट आहे, हे भावाच्या एका प्रश्नानं दाखवलं. म्हणून वहीत प्रत्येक गोष्टीखाली एक ओळ लिहाच: इथं पाणी कुणाकडं आहे?

मग रुल्फोचीच 1955 ची कादंबरी 'पेद्रो पारामो' घ्या. हे माणसाचं नाव, पण 'पारामो' म्हणजे उजाड पठार, आपल्या भाषेत बरड. गावाचं नाव कोमाला. 'कोमाल' म्हणजे मक्याची तोर्तिया भाजायचा तवा. चुलीवर ज्वारीची भाकरी टाकणाऱ्या घरात हे नाव वेगळं समजावून सांगावं लागत नाही. कोलिमा राज्यातलं खरं कोमाला मात्र हिरवं आहे. कादंबरीतलं तापलेलं, ओस पडलेलं. आईच्या आठवणीत हिरवं असलेल्या गावात मुलगा येतो तो ऑगस्टच्या उकाड्यात. आठवणीतलं आणि समोरचं, दोन्ही कोमाला वेगवेगळ्या रंगाच्या पेन्सिलीनं खुणा करत वाचा, गुंतलेली कादंबरी मोकळी होत जाते. रुल्फो उत्तम छायाचित्रकारही होता. त्यानं काढलेले फोटो शोधून बघा. ओसाड वाडे, मोकळं आभाळ, सावल्या.

इथवर आपला माळ उपयोगी पडला. पुढं तोच आडवा येतो, तेव्हा सावध राहा.

आंतोनिओ माचादो हा स्पॅनिश कवी 1907 मध्ये सोरियाला फ्रेंचचा शिक्षक म्हणून गेला. ते गाव स्पेनच्या उंच पठारावर आहे, हजार मीटरच्या वर, हिवाळा कडक. त्याची तरुण बायको लिओनोर आजारी असताना, 1912 च्या मे महिन्यात, त्यानं विजेनं चिरलेल्या एका जुन्या एल्म झाडावर कविता लिहिली. एप्रिलच्या पावसानं आणि मेच्या उन्हानं त्याला काही हिरवी पानं फुटलीत. आपल्याला एप्रिल-मे म्हणजे विहिरी तळाला जाण्याचे दिवस, मग ही आशा जाणवणार कशी? यासाठी वहीच्या शेवटच्या पानावर महिन्यांचा तक्ता करा. मध्य मेक्सिकोचा पाऊस साधारण जून ते ऑक्टोबर, आपल्यासारखाच. चिलीत जानेवारीत उन्हाळा, जूनमध्ये हिवाळा. कवितेत महिना आला की तक्ता बघायचा. त्या ऑगस्टमध्ये लिओनोर वारली, हे कळल्यावर ती कविता परत वाचा.

पावसाचंही तसंच. गाब्रिएल गार्सिया मार्केस या कोलंबियन लेखकाच्या 'वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड' या 1967 च्या कादंबरीत मकोंदो गावावर चार वर्षं, अकरा महिने आणि दोन दिवस पाऊस पडतो. आमच्या गटात हे वाचताना एक आजी म्हणाल्या, "भाग्यवान की!" पण तो पाऊस केळीच्या मळ्यातल्या संपकरी मजुरांच्या कत्तलीनंतर येतो आणि गाव कुजवतो. 1928 साली कोलंबियात सिएनागाला केळीमजुरांवर खरोखर गोळीबार झाला होता. ओल हे तिथं सुखाचं चिन्ह नाही. आजींनी ते प्रकरण पुन्हा वाचलं.

जमलं तर एकदा असं करा. मे महिन्यात बार्शी रस्त्यानं नान्नजच्या माळाकडं जा, दुपारी चारला, रुल्फोची ती गोष्ट घेऊन. पाणी आणि टोपी न्या. मोठ्यानं वाचा.

मी भावाला गोष्ट सांगून उठले, तेव्हा त्यानं आणखी एक विचारलं. चौघांपैकी एस्तेबाननं घरी उपाशी मरू नये म्हणून कोटाखाली धरून आणलेली कोंबडी, तिचं काय झालं? मी सांगितलं, खाली गावाशी आल्यावर त्यानं तिचे पाय सोडले, आणि तो आणि कोंबडी झाडांमागं दिसेनासे झाले. बाकीचे पुढं चालत गेले. दिलेली जमीन वर राहिली.