खडूस साहेबाच्या हाताखाली काम करताना

मी अकाउंट्सला आहे. साहेब बदलत गेले, माझं टेबल तेच राहिलं. त्यामुळे वैतागलेली पोरं माझ्याकडे येतात आणि मी आधी विचारते: तो सगळ्यांशीच असा वागतो की फक्त तुझ्याशी?

सगळ्यांशीच असेल तर बहुधा त्यालाही वरून कुणीतरी पिळत असतं. तासातासाला 'कुठपर्यंत आलं?' विचारणारा साहेब या जातीचा. त्याने विचारायच्या आत सांगून टाका. सकाळीच तीन ओळींचा मेल: काल काय झालं, आज काय होईल, कुठे अडलंय. अडलेलं लपवू नका, ऐनवेळी कळलेली अडचण त्याला सगळ्यात जास्त झोंबते. हळूहळू फेऱ्या कमी होतात. पूर्ण थांबत नाहीत, सवय असते.

तोंडी हुकूम सोडून नंतर 'मी असं बोललोच नव्हतो' म्हणणारा जास्त त्रासदायक. त्याच्याशी वाद घालून काही हाती लागत नाही, त्याला लेखीच धरावं लागतं. केबिनमधून बाहेर आलात की लगेच लिहा: 'आत्ता बोलल्याप्रमाणे थकीत बिलांची यादी शुक्रवारपर्यंत देते. त्यामुळे बँकेचा ताळमेळ सोमवारी होईल. काही बदल असल्यास कळवावे.' बास. टोमणा नको, आणि साहेबाच्या साहेबाला सीसी तर मुळीच नको, तिथून उघड वैर सुरू होतं. खरी मेख मधल्या वाक्यात आहे. 'जमणार नाही' असं न म्हणता कोणतं काम मागे पडेल ते तुम्ही सांगितलंत, आता काय आधी हवं ते त्याने ठरवावं. त्याने उत्तर दिलं नाही तरी तारीखवार मेल राहतो.

चारचौघांत ओरडणाऱ्याला तिथल्या तिथे उत्तर देऊ नका, तुमचं शंभर टक्के बरोबर असलं तरी. 'बघून सांगते' म्हणा आणि निघा. दुसऱ्या दिवशी, तो एकटा असताना (महिनाअखेर सोडून!) बोला: 'चूक असेल तर जरूर सांगा, पण आत बोलावून सांगाल का?' बरेचजण वरमतात. निर्लज्ज असतात ते नाही वरमत.

रोख फक्त तुमच्यावरच असेल तर घरी एक वही ठेवा. तारीख, वेळ, समोर कोण होतं आणि त्याचे शब्द जसेच्या तसे. 'अपमान केला' एवढ्याने भागत नाही. ही नोंद ऑफिसच्या लॅपटॉपवर नको, लॉगिन बंद झालं की तीही गेली. मात्र कंपनीची गोपनीय कागदपत्रं स्वतःच्या मेलवर पाठवू नका, तक्रार बाजूला राहील आणि तुम्हीच अडकाल.

एचआरकडे जाताना लक्षात ठेवा, त्यांचा पगार कंपनीच देते. मन मोकळं करायला मैत्रीण बरी. एचआरकडे नेमकी मागणी न्या: विभाग बदलून द्या, किंवा तिसऱ्या माणसासमोर बैठक घ्या.

अंगाला हात, धमकी, घाणेरडे शेरे यांना मात्र वरचं काहीच लागू नाही. तिथे सांभाळून घेऊ नका. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१९ मध्ये केलेल्या १९० क्रमांकाच्या करारात एकदाच घडलेला प्रकारही छळात धरला आहे. लेखी तक्रार द्या, पोच घ्या.

आणि निघायचंच ठरलं तर शक्यतो दुसरी नोकरी हातात आल्यावर राजीनामा द्या. नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, चांगल्या शेऱ्याची अप्रेझलं आधीच घरी आणून ठेवा. राजीनाम्यात कारण एका ओळीत उरका. नवीन ठिकाणी कुणाचं नाव संदर्भासाठी द्यायचं तेही आधी ठरवा. दुसऱ्या विभागातला, तुमचं काम पाहिलेला एखादा वरिष्ठ चालतो, फक्त त्याला विचारून घ्या.