हेक्झेनचे आयसोमर पाचच! या चुका टाळा

हेक्झेनचे आयसोमर काढा म्हटलं की पोरं सात-आठ रचना काढून मोकळी. हेक्झेन म्हणजे सहा कार्बनचा अल्केन (कार्बन-हायड्रोजनचं संयुग, सगळे सिंगल बाँड), आणि आयसोमर म्हणजे सूत्र तेच, पण कार्बनची जोडणी वेगळी. असे असतात पाच. कागदाची कड आली म्हणून शेवटचा कार्बन खाली वळवला, की झाला यांचा नवा आयसोमर! अरे, सिंगल बाँडभोवती रेणू फिरतच असतो. साखळी वाकडी काढा नाहीतर नागमोडी, ती साखळीच राहते.

अकरावीतला एक हुशार मुलगा माझ्याशी हट्टाला पेटला होता, ‘२-इथिलब्युटेन’ (चार कार्बनची साखळी, दुसऱ्यावर दोन कार्बनची फांदी म्हणजे इथिल) हा सहावा आयसोमर म्हणून. “सर, ब्युटेनवर इथिल बसवलंय, चूक काय?” म्हटलं, इथिलच्या टोकावर पेन ठेव, पेन न उचलता सगळ्यात लांब जा. एक, दोन, तीन, चार, पाच. पाचवर गेल्यावर गप्प झाला. ते ३-मिथिलपेंटेन (पाचाची साखळी, तिसऱ्यावर एका कार्बनची फांदी म्हणजे मिथिल) निघालं, आणि त्याच्याच यादीत ते वर लिहिलेलं होतं! अल्केनमध्ये १ वर मिथिल किंवा २ वर इथिल आलं, तर मुख्य साखळी चुकलीच समजा. मी तर प्रत्येक रचनेखाली लगेच नाव लिहितो. तेच नाव पुन्हा आलं की रचना खोडायची.

‘४-मिथिलपेंटेन’ लिहिलंत? दुसऱ्या टोकाकडून मोजा. एकाच कार्बनवर दोन मिथिल असतील, तर आकडाही दोनदा: २,२-डायमिथिलब्युटेन. फांद्यांच्या नावांचा क्रम इंग्रजी अक्षरांनी लावायचा, त्यात ‘डाय’, ‘ट्राय’ धरायचे नाहीत, म्हणून ३-इथिल-२,२-डायमिथिलपेंटेन. आणि कार्बनला पाच हात नसतात, हायड्रोजन मोजा.

माझा खरा राग ‘आकड्यांची बेरीज कमी ती बाजू बरोबर’ या शॉर्टकटवर आहे. क्लासमध्ये सर्रास शिकवतात आणि सोप्या उदाहरणांत उत्तर जुळतंही, म्हणून कुणाला शंका येत नाही. आता तीन मिथिलवाली एक डेकेन, म्हणजे दहाची साखळी घ्या: मिथिलचे आकडे एका बाजूने २,७,८, दुसरीकडून ३,४,९. बेरीज १७ आणि १६. शॉर्टकटवाले ३,४,९ लिहून गुण घालवतात. नियम असा की आकडे ओळीने ताडायचे आणि पहिला फरक दिसेल तिथे लहान आकडा जिंकतो. २,७,८-ट्रायमिथिलडेकेन. संपलं.

“आयसोमर किती, त्याचं सूत्र द्या ना सर!” सोपं सूत्र नाहीच. पेंटेनचे ३, हेक्झेनचे ५, हेप्टेनचे ९, डेकेनचे तर ७५. आकडे पाठ करा, पण ताळ्यासाठी. हेक्झेनचे काढताना सहाची साखळी, मग पाचाची, मग चाराची, याच क्रमाने उतरायचं.